नवी बॅरल टाकल्यावर .२२ रायफलचा ग्रुप पुन्हा पुन्हा का फुटतो?

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "बॅरल नवी टाकली, सुरुवातीला रायफल सुंदर चालली, मग ग्रुप फुटायला लागला. स्क्रू आवळले की बरी होते, थोड्या दिवसांनी पुन्हा तेच." ग्रुप म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा टार्गेटवरचा पुंजका; तो फुटला म्हणजे गोळ्या विखुरल्या. ठाण्या-नवी मुंबईच्या नेमबाजाकडून हे ऐकलं की मी आधी महिना विचारतो. उत्तर बरेचदा जून ते सप्टेंबरमधलंच निघतं.

मूळ बॅरल काढून दुसऱ्या उत्पादकाची बॅरल बसवलेल्या .२२ एलआर (लाँग रायफल) बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलबद्दल हे लिहितोय. बॅरल लोथार वॉल्थरची असो, लिल्याची असो की आणखी कुणाची, दुखणं सारखंच असतं. बॅरल वाईट असती तर पहिल्या दिवसापासून वाईट मारली असती. जी रायफल मध्येच छान चालते आणि मध्येच रुसते, तिचा दोष बहुधा बॅरल जिथे कशाला तरी टेकते तिथे असतो: रिसीव्हरशी (बॅरल आणि बोल्ट ज्यात बसतात तो धातूचा भाग), स्टॉकशी (लाकडी दस्ता), एक्स्ट्रॅक्टरशी (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा), पुढच्या साइटशी. काही वेळा काडतुसाशी. नव्या बॅरलची जाडी, वजन आणि चेंबर (काडतूस बसतं ती मागची पोकळी) जुन्या बॅरलपेक्षा वेगळं असतं, म्हणून या सगळ्या जागा नव्याने जुळवाव्या लागतात. नेमकं तेच काम अर्धवट राहतं.

२०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून १० मीटर एअर रायफल मारणाऱ्या मुलांनाही .२२ ची ओढ लागलेली मी बघतोय. फार आनंदाची गोष्ट आहे. पण एअर रायफलमधून येणाऱ्याला काडतुसाची रिम (बुडाची बाहेर आलेली कड), चेंबर, वंगण, शिसं हे सगळं नवीन असतं. त्यात आपल्या भागातल्या बहुतेकांना ५० मीटरच्या सरावासाठी वरळी नाहीतर बालेवाडी गाठावी लागते. रेंजवरचा वेळ आणि काडतुसं दोन्ही महाग. म्हणून जे घरी तपासता येतं ते घरीच तपासून निघावं.

आधी कायद्याचं

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'शस्त्र' या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, म्हणजे सुटी बॅरलसुद्धा. कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती, फेरबदल, चाचणी करायला वेगळा परवाना लागतो. कलम ६ नुसार परवान्याशिवाय बॅरल आखूड करणं हा गुन्हा आहे. तेव्हा बॅरल मागवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात, म्हणजे ठाण्यात ठाणे पोलीस आयुक्तालय आणि खाडीपलीकडे नवी मुंबई पोलीस आयुक्तालय, लेखी विचारणा करा. बॅरलवर क्रमांक असेल आणि तो तुमच्या परवान्यात नोंदलेला असेल, तर बॅरल बदलली की नोंदही बदलावी लागेल हे धरून चाला. बसवण्याचं काम परवानाधारक आर्मररकडूनच (शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनच) करून घ्या.

हे ठासून लिहितोय, कारण आपल्याकडे मोह मोठा आहे. रबाळे, महापे, तुर्भे, इकडे वागळे इस्टेट. दर दुसऱ्या गाळ्यात लेथ आणि त्यावर शतांश मिलिमीटरमध्ये काम करणारा कारागीर. "बॅरलचा खांदा दहा मायक्रॉन उतरवून दे" म्हटलं की चहा होईपर्यंत तो उतरवूनही देईल. त्याचं कौशल्य निर्विवाद आहे, पण तुम्ही त्याला आणि स्वतःला फौजदारी प्रकरणात ओढताय. शिवाय चेंबरची लांबी आणि हेडस्पेस (काडतुसाच्या रिमसाठी ठेवलेली जागा) त्याच्या रोजच्या कामातल्या गोष्टी नाहीत.

घरी काहीही तपासताना मॅगझिन बाहेर, बोल्ट बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने पाहिलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. झाडून बघायचं ते रेंजवरच.

टार्गेट काय सांगतं

जुनी टार्गेटं फेकू नका. प्रत्येकावर तारीख, काडतुसाचा लॉट क्रमांक आणि हवा कशी होती एवढं लिहून ठेवा. मग ती शेजारी शेजारी मांडून बघा.

एकाच टार्गेटवर दोन वेगवेगळे पुंजके दिसत असतील आणि प्रत्येक पुंजका आपापल्या जागी घट्ट असेल, तर काहीतरी दोन जागांमध्ये हलतंय. बॅरल रिसीव्हरमध्ये, अ‍ॅक्शन (रिसीव्हर आणि बोल्ट मिळून होणारा भाग) स्टॉकमध्ये किंवा साइट तिच्या बैठकीवर. ग्रुप शॉटगणिक एकाच दिशेला सरकत जात असेल, तर बॅरल तापून किंवा तिच्या ताणामुळे स्टॉकवर दाब टाकतेय असं समजा. ग्रुप उभा लांबत असेल तर आधी काडतुसाचा वेग आणि नंतर स्टॉक. बाकी सगळे शॉट एका ठिकाणी आणि मधूनच एखादा भलतीकडे, हे बरेचदा काडतुसाचं, कधी क्राउनचं, म्हणजे बॅरलच्या पुढच्या तोंडाच्या कडेचं.

उभ्या ग्रुपचा हिशेब एकदा करून बघा. गोळी ३३० मीटर प्रति सेकंदाने निघाली आणि पुढची ३२० ने, तर ५० मीटरवर दुसरी साधारण ७ मिलिमीटर खाली लागते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद. म्हणजे बॅरल निर्दोष असूनही केवळ वेगातल्या फरकाने जवळपास एक रिंग जाते. बॅरलवर खापर फोडण्याआधी दुसऱ्या लॉटची काडतुसं मारून बघायची ती यासाठी.

स्टॉक: पावसाळ्यातला पहिला संशयित

बाहेरून घेतलेली बॅरल बरेचदा मूळ बॅरलपेक्षा जाड असते. स्टॉकची खाच मात्र मूळ बॅरलसाठी कोरलेली. बसवणारा खाच थोडी वाढवतो, उन्हाळ्यात सगळीकडे फट दिसते आणि रायफल घरी येते. मग पाऊस सुरू होतो. आपल्या खाडीकाठच्या हवेत जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज असते. अक्रोड असो की बीच, लाकूड ओल धरून आडवं फुगतं. खाच कोरल्यावर आतल्या उघड्या लाकडाला पॉलिश किंवा सीलर लावलेला नसेल, तर ओल थेट तिथूनच शिरते. फट बुजते, फोरएंड (स्टॉकचा बॅरलखालचा पुढचा भाग) एका बाजूने बॅरलला टेकतो आणि ग्रुप उलट बाजूला जातो.

तपासणी सोपी आहे. साध्या लिहायच्या कागदाची लांब पट्टी दुहेरी करून बॅरलखालून घाला आणि फोरएंडच्या टोकापासून रिसीव्हरकडे ओढत न्या. ती अडखळायला नको. रायफल आडवी ठेवूनही बघा आणि तुम्ही जशी धरता तशी, स्लिंग (दंडाला अडकवायचा पट्टा) ताणून, दुसऱ्या माणसाकडून पट्टी ओढवूनही बघा. टेबलावर मोकळी फिरणारी पट्टी स्लिंगच्या ताणाखाली अडकते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

ऐरोलीचा एक मुलगा, टूलरूममध्ये काम करणारा, ऐन ऑगस्टमध्ये रायफल घेऊन आला. चेहरा उतरलेला. "काका, बॅरल विकून टाकू का? पैसे पाण्यात गेले." त्याला म्हटलं, आधी कागद आण. पट्टी फोरएंडच्या टोकापासून आत आली आणि टोकाच्या चार बोटं मागे उजव्या अंगाला अडकली. अ‍ॅक्शन स्टॉकमधून काढल्यावर खाचेत त्याच जागी पॉलिश घासून चकचकीत झालेला डाग होता, करंगळीच्या नखाएवढा. बॅरलवरही बरोबर समोर एक फिकट रेघ. बाकी खाचेला कुठेही स्पर्शाची खूण नव्हती. तेवढ्या एका डागाने ग्रुप डावीकडे ढकलला होता. आर्मररने ती बाजू घासून मोकळी केली, आतल्या लाकडाला सगळीकडे सीलर दिला. बॅरल आजही तीच आहे.

फट पुरेशी असूनही त्रास चालू असेल तर बेडिंग बघा, म्हणजे अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये सगळीकडे सारखी टेकते का. डायल इंडिकेटर मिळाला तर उत्तम. त्याचा तळ बॅरलला धरवा, सुईचं टोक फोरएंडवर ठेवा आणि पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू हळूहळू सैल करा. सुई ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली तर स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन वाकतेय. इंडिकेटर नसेल तर बॅरल आणि फोरएंडच्या सांध्यावर तर्जनी आडवी ठेवा आणि तोच स्क्रू सैल करून पुन्हा आवळा. बोटाला हालचाल जाणवली तर बेडिंग करून घ्यावं लागेल. "स्क्रू आवळले की बरी होते" या वाक्याचा उलगडा पुष्कळदा इथे होतो: फुगलेल्या किंवा आकसलेल्या लाकडावर स्क्रूचा ताण बदलतो, तुम्ही आवळता, ताण तात्पुरता पूर्वीसारखा होतो, हवा बदलली की पुन्हा जातो. धातूचे पिलर बसवून बेडिंग केलं की स्क्रूचा दाब लाकडावर येत नाही आणि ही फेरी थांबते.

आवळायला टॉर्क रेंच वापरा. अशा रायफलींत आकडा साधारण २ ते ५ न्यूटन-मीटरच्या टापूत असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत असेल तो घ्या. हाताच्या अंदाजाने आवळण्याला माझा ठाम विरोध आहे. हात कितीही अनुभवी असला तरी दमट दिवशी आणि थकल्यावर तो वेगळा आवळतो.

बॅरल आणि रिसीव्हरचा सांधा

इथे दोन जाती आहेत. जुन्या सीझेड ४५२ सारख्या रायफलींत बॅरल आट्यांवर बसते. सीझेड ४५७ सारख्या रायफलींत ती रिसीव्हरमध्ये सरकवून दोन ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याच्या स्क्रूंनी) धरलेली असते. पुन्हा पुन्हा सतावणारा त्रास मला दुसऱ्या जातीत जास्त दिसतो, कारण बदलायला ती सोपी म्हणून घाईत बदलली जाते.

बॅरलचा खांदा रिसीव्हरच्या तोंडाला पूर्ण भिडलेला हवा. मध्ये जुन्या तेलाचा थर, ब्रशचा केस किंवा धातूचा बारीक कीस राहिला तर त्या दिवशी घट्ट वाटतं, पण झाडताना बसणाऱ्या हादऱ्यांनी तो थर दबतो आणि बॅरल सैल होते. दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करायचे, बॅरल मागे दाबून धरायची आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की बॅरल तिरकी बसते. स्क्रूच्या आट्यांवर मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) चालतो. तो खांद्यावर किंवा बॅरलच्या बैठकीत जाऊ देऊ नका.

बॅरल हलली का ते कळायला रिसीव्हर आणि बॅरल यांच्या सांध्यावर बारीक पेंट मार्करने एक सरळ रेघ मारा. ती रेघ तुटलेली दिसली तर बॅरल फिरली. अ‍ॅक्शन स्क्रूच्या डोक्यांनाही अशीच खूण करा.

बोल्ट जड, काडतूस अडकतं, फुसका वार

ग्रुपबरोबर हीही लक्षणं असतील तर वाट न बघता आर्मररकडे जा. .२२ मध्ये काडतूस त्याच्या रिमवर बसतं. रिमची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. बोल्टचा चेहरा आणि बॅरल यांच्यात रिमसाठी ठेवलेली ही जागा, म्हणजे हेडस्पेस. ती कमी पडली तर बोल्ट बंद होताना रिम चेपली जाते आणि बारूद पेटवणारं मिश्रण नेमकं त्या रिममध्येच भरलेलं असतं, त्यामुळे जोर लावून बोल्ट बंद करणं धोक्याचं. ती जास्त झाली तर फायरिंग पिनचा वार पोकळ पडतो, काडतुसं फुसकी जातात किंवा त्यांचा मागचा भाग फुगतो. गो आणि नो-गो गेज (हेडस्पेस कमी आहे की जास्त ते दाखवणारी मापं) लावून बघायला आर्मररला मोजकी मिनिटं लागतात. गेज न लावता बॅरल बसवून दिली असेल तर ते काम अपुरं समजा.

रिकामं काडतूस अधूनमधून आतच राहत असेल, तर बॅरलच्या मागच्या तोंडावरची एक्स्ट्रॅक्टरची खाच बघून घ्या. बॅरल अगदी थोडी जरी फिरून बसली तरी एक्स्ट्रॅक्टरचा आकडा खाचेच्या कडेवर घासतो. तिथे ताजी चकाकी दिसते. रिकाम्या चेंबरवर चाप ओढायची सवय असेल तर फायरिंग पिन काही रायफलींत चेंबरची कड चेपते; तसा ठसा उमटला असेल तर काडतूस त्या ठशात अडकतं.

मॅच चेंबरची बॅरल असेल तर आणखी एक गोष्ट येते. अशा चेंबरमध्ये बोल्ट बंद होतानाच गोळी रायफलिंगमध्ये (बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांत) किंचित रुतते. बोल्ट शेवटी शेवटी थोडा जड लागणं तिथे स्वाभाविक आहे. पण न झाडलेलं काडतूस बाहेर काढलं तर गोळी आतच राहू शकते आणि बारूद अ‍ॅक्शनमध्ये सांडतं. तसं झालं तर तिथेच थांबा, रेंज अधिकाऱ्याला हाक मारा. दुसरं काडतूस घालू नका. फुसका आवाज आला आणि टार्गेटवर भोक दिसलं नाही, तरी हाच नियम. लांब केसची अतिवेगवान काडतुसं, सीसीआय स्टिंगरसारखी, मॅच चेंबरमध्ये कधीच घालू नयेत.

पुढची साइट

दुर्बिणीवाल्यांनी माउंटचे स्क्रू बघून पुढे जावं. उघड्या साइटवाल्यांनी मात्र इथे थांबावं. नव्या बॅरलच्या तोंडाचा व्यास मूळ व्यासापेक्षा किंचित कमी असेल तर पुढच्या साइटचा क्लॅम्प पूर्ण पकड घेत नाही. दोन साइटमधलं अंतर ८०० मिलिमीटर धरलं, तर पुढची साइट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे ०.१ मिलिमीटर, सरकली की ५० मीटरवर गोळी ६ मिलिमीटरहून जास्त सरकते. डोळ्याला ती हालचाल दिसणारही नाही. तिथेही मार्करची रेघ मारा. क्लॅम्प सैल असेल तर कागदाचा किंवा टेपचा थर घालून चालवू नका, बरोबर मापाचं स्लीव्ह बसवून घ्या.

काडतूस, वंगण आणि सफाई

.२२ च्या गोळीवर बाहेरून मेणासारखं वंगण असतं आणि बॅरल त्याचा थर धरते. ब्रँड बदलला की नवा थर बसेपर्यंत ग्रुप विस्कळीत राहतो. सफाईनंतरही तेच. म्हणून सफाई केल्यावर किंवा ब्रँड बदलल्यावरच्या पहिल्या शॉटांवरून बॅरलबद्दल मत बनवू नका. नवी बॅरल जुन्या बॅरलच्याच लाडक्या लॉटवर चालेल याचीही खात्री नसते. एलीच्या टेनेक्सच्या खोक्यावर लॉट क्रमांकाबरोबर वेगही छापलेला असतो. शेजारच्या वेगाचे दोन लॉट घेऊन तुलना करा. आणि काडतुसं उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेण पघळतं आणि खोक्यातल्या सगळ्या गोळ्यांवर सारखं राहत नाही.

चेंबरच्या पुढच्या टोकाला कार्बन आणि शिशाचं कडक कडं जमतं. हळूहळू बोल्ट जड होतो, ग्रुप रुंदावतो. ते काढायचं ते बोअर गाइड (सळई सरळ ठेवणारी नळी) लावून, मागून पुढे, चांगल्या सळईने. पुढच्या तोंडातून सळई घातली की क्राउन घासला जातो आणि मग खरोखरच बॅरल बिघडते.

ओल

वातानुकूलित गाडीतून रायफल दमट रेंजवर काढली की गार पोलादावर दव धरतं. पेटी बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्या, मग उघडा. घरी फोमच्या पेटीत रायफल ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. विशेषतः घोडबंदर पट्ट्यात आणि वाशी-बेलापूरच्या खाडीलगतच्या इमारतींत. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि त्याचा रंग बदलला की बदला. निवडणुकीत शस्त्र जमा करावं लागलं तर त्याआधी आतून-बाहेरून तेल द्या आणि परत मिळाल्यावर पहिली गोळी झाडण्याआधी ते पूर्ण पुसून काढा.

या सगळ्यात एका वेळी एकच बदल करा. स्टॉक मोकळा केला, त्याच दिवशी लॉट बदलला आणि साइटही हलवली, तर सुधारणा झाली तरी ती कशामुळे झाली हे कळणार नाही आणि पुढच्या पावसाळ्यात तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर असाल. माझा क्रम ठरलेला आहे: कागदाची पट्टी, स्क्रूचा टॉर्क, सांध्यावरची रेघ, पुढची साइट, मग लॉट. प्रत्येक बदलानंतर त्याच स्थितीत, त्याच लॉटने, रेस्टवरून दहा-दहा शॉटचे ग्रुप मारा. पाच शॉटचा सुंदर ग्रुप फार फसवतो.

एवढं करूनही उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, वेगवेगळ्या लॉटवर ग्रुप सारखाच वाईट राहिला, तर आर्मररकडून भिंगाखाली क्राउन तपासून घ्या. क्राउन स्वच्छ असेल आणि गेजही बरोबर लागत असतील तरच बॅरलवर शंका घ्या. उत्पादकाला लिहिताना तारीख आणि लॉट क्रमांक असलेली टार्गेटं, टॉर्कचे आकडे आणि हेडस्पेसची नोंद सोबत जोडा. 'ग्रुप चांगला येत नाही' एवढ्यावर कुणी काही करत नाही. अशा नोंदींसह गेलेल्या तक्रारीवर नेमके प्रश्न तरी परत येतात. आणि बॅरल परत पाठवायची वेळ आली, तर ती कुरिअरने पाठवण्याआधी पुन्हा परवाना कार्यालयातच विचारा.